डाव्या गालावरचं ऊन

मुरलीधर साखळकरांनी आपल्या बायकोला तीन वर्षं काळोखात कोंडून ठेवलं होतं, असं दिल्लीतल्या आमच्या मयूर विहारच्या ब्लॉकमध्ये बोललं जातं. तळमजल्यावरच्या भटनागर आंटी नव्या भाडेकरूला पाण्याच्या मोटरची वेळ सांगतात, त्याच दमात ही गोष्टही सांगून टाकतात. "देखो जी, मैं किसी की बुराई नहीं करती," इथे त्या एकदा जिन्याकडे बघून घेतात, "पर तीसरी मंज़िल वाले मराठी अंकल ने बीवी को धूप नहीं देखने दी. सारी खिड़कियों पे काला कपड़ा ठोक रखा था. बेचारी पीली पड़ गई." जिना चढता चढता या गोष्टीला शेपूट फुटतं. दुसऱ्या मजल्यावर तिच्यात एक कुलूप येतं, आणि गच्चीवर पोचेपर्यंत कुणी तांत्रिकसुद्धा येऊन गेलेला असतो.

त्यातलं खरं एवढंच, की खिडक्यांवर काळं कापड होतं. पण ते ठोकलेलं नव्हतं. चौकटींवर ताणलेलं होतं आणि दिवसातून आठ-दहा वेळा सरकवलं जायचं, कारण सूर्य सरकतो.

नीलाकाकूंना ल्युपस होता. या आजारात अंगातली जी ताकद बाहेरच्या रोगांशी लढायची, ती घरच्याच माणसांवर उलटते, आणि ऊन लागलं की तिला आणखी चेव चढतो. "आंटी के लिए धूप ज़हर है, अंकल," हॉस्पिटलातल्या तरुण डॉक्टरने सांगितलं होतं. "सीधी भी, खिड़की से आने वाली भी."

"और दीवार से टकरा के आने वाली?" काकांनी विचारलं.

डॉक्टरला हसू आलं. असं त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं. "वो भी, अंकल. जितनी कम, उतना अच्छा."

काकांना मात्र हे विचारल्याशिवाय राहवणारच नव्हतं. तीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं. नोएडाच्या फिल्मसिटीत बाकीचे लोक दिवे आणतात, लावतात, उजेड पाडतात. मुरलीधरकाका पडलेला उजेड अडवतात. त्यांची हत्यारंही अगदी साधी. कटर म्हणजे सळईची चौकट आणि तिच्यावर ताणलेलं काळं कापड. दिव्यापुढे धरलं की उजेड तिथेच संपतो. नेट म्हणजे तशीच चौकट, पण काळ्या जाळीची. ती अर्धा उजेड खाते, अर्धा सोडते. आणि तिसरा थर्मोकोल, पांढराशुभ्र पत्रा. तो कापत बिपत काही नाही. अंगावर पडलेला उजेड उचलून समोरच्याच्या चेहऱ्यावर टाकतो.

कंपन्यांचे कटर उचलताना खांदा उतरतो. काकांनी स्वतःचे केले, मोडक्या छत्र्यांच्या काड्या आणि पडद्याच्या पोकळ नळ्या वापरून. दोन बोटांवर तोलता यायचे. कॅमेरामन लोक काकांना नावाने मागवायचे. एक बंगाली कॅमेरामन तर काका दिसल्याशिवाय कॅमेऱ्याला हातच लावायचा नाही. "मोरोली-दा, मैडम का कोपाल जोल रहा है," तो तिथूनच ओरडायचा. काका कटर एक बोट खाली घ्यायचे. मॅडमचं कपाळ विझायचं, डोळे तेवढे राहायचे. "बास, बास. अब हिलना मोत, साँस भी मोत लेना."

या धंद्याने काकांना एक खोड लावली होती. कुणाचाही चेहरा बघून उजेड कुठून येतोय हे ते सांगायचे. टीव्हीवर कुणी मंत्री मुलाखत देत असला की काका चहाचा कप खाली न ठेवता म्हणायचे, "याच्या डाव्या हाताला खिडकी आहे. दोन फुटांवर. पडदा पिवळा."

"आणि बोलतोय काय ते ऐकलंस का?" काकू विचारायच्या.

"ते कशाला ऐकायचं?"

काळ्या कापडासाठी दोघं वर्षातून दोनदा सकाळच्या गाडीने पानिपतला जायची. तिथे एका रंगाऱ्याकडे ताग्यांच्या ढिगात काका एकेक तुकडा सूर्यासमोर धरून बघायचे, टाचणीच्या टोकाएवढंसुद्धा ऊन आरपार दिसता कामा नये. काकू डोळे मिटून कापड नुसतं चिमटीत धरायच्या आणि "हे नको, धुतल्यावर विरेल" म्हणून बाजूला टाकायच्या. शिवणकाम त्यांचं. त्यामुळे त्यांच्या घरात कायम काळ्या कापडाच्या घड्या पडलेल्या. पहिल्यांदा येणाऱ्या बायका जरा बिचकायच्या. "घाबरू नका," काकू म्हणायच्या, "आमच्याकडे तीनशे पासष्ट दिवस संक्रांत असते."

आजार आला तेव्हा काकांनी तेच कापड खिडक्यांना लावलं. पण घराची काळी कोठी त्यांनी केली नाही. सकाळी पूर्वेची खिडकी बंद, पश्चिमेच्या खिडकीवर दुहेरी जाळी, दुपारी उलट. मधल्या वेळात काकूंना पेपर वाचता येईल एवढा मऊ उजेड खोलीत कुठून यायचा ते आम्हाला कधी कळलं नाही. दिवसाची शूटिंगं काकांनी सोडली, संध्याकाळची तेवढी ठेवली.

काकूंचे सांधे दुखायचे, केस गळायचे, गोळ्यांनी तोंड सुजायचं. हे सगळं त्या निभावून न्यायच्या. एक गोष्ट मात्र त्यांना सोसवत नव्हती. त्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरांत वाढलेल्या. तिथे हिवाळ्यात धुकं फाटून साडेअकराला ऊन आलं, की सगळ्या राज्यांच्या बायका लॉनवर उतरायच्या. मटार सोलणं, संत्री, लोकर, आणि साहेबांच्या बदल्यांची बातमी. दिल्लीचा हिवाळा म्हणजे काकूंच्या लेखी तेवढंच, उन्हाकडे पाठ करून बसणं. आमच्या ब्लॉकमध्येही गच्चीवर तीच मैफल भरते. आजारपणाचे दोन हिवाळे काकूंनी ती जिन्यातून नुसती ऐकली. वर कुणी हसलं की दार किलकिलं करून उभ्या राहायच्या.

तिसऱ्या हिवाळ्यात, डिसेंबर संपता संपता, त्या म्हणाल्या, "मुरली, या संक्रांतीचं हळदीकुंकू आपण करायचं."

"करू की. बाहेरच्या खोलीत सतरंजी टाकू."

"खोलीत नाही. गच्चीवर. दुपारी."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"सेटवर तू भर दुपारी अख्खं अंगण काळोखं करतोस. मला एका सतरंजीएवढी सावली कर. दोन तास."

"ते वेगळं असतं, यार."

"काय वेगळं? तिथे हिरॉइन असते म्हणून?"

तिसऱ्या दिवशी काका टेप घेऊन गच्चीवर गेले, आणि मग पंधरा दिवस रोज बारा ते दोन तिथेच. खडूने फरशीवर सावल्यांच्या रेघा मारायचे. भटनागर आंटींना वाटलं, ब्लॉक विकायला काढलाय. काकांच्या डोक्यात एकच होतं. काकूंना उन्हातल्या बायकांमध्ये बसवायचं आणि ऊन त्यांना शिवू द्यायचं नाही.

संक्रांतीच्या दिवशी धुकं लवकर उठलं. जिन्याच्या माथ्यावर जी खोली असते, तिला इथे सगळे ममटी म्हणतात. तिच्या सावलीत काकांनी खुर्ची मांडली. वर जाळी, दोन्ही बाजूंना कटर, चुन्याच्या पांढऱ्या कठड्यावर काळं कापड, कारण तिथून ऊन उडी मारतं. फरशी गार म्हणून सतरंजीखाली थर्मोकोल घातले. एक पत्रा उरला तो बाजूला ठेवला. अकरा बायका आल्या, सगळ्या काळ्या साड्यांत. शेजारच्या ब्लॉकच्या उत्तराकाकूंनी आल्या आल्या कमरेवर हात ठेवले.

"अगं नीला, हे काय, तुझा तर सेटच लागलाय. कॅमेरा कुठंय?"

"कॅमेरा नाही. कॅमेऱ्याला मी परवडत नाही," काकू म्हणाल्या.

"भावोजी, आमच्यावर पण एक कटर मारा की," माझी आई, म्हणजे सुनीती, म्हणाली. "हनुवटीखाली, दोन-तीन मारा."

काका कुणाकडे बघत नव्हते. ते सावल्यांकडे बघत होते. वाणाच्या स्टीलच्या वाट्या बाहेर आल्या तसे ते पुढे झाले. "वाट्या पिशवीतच राहू द्या. चमकतात."

"अहो, मग वाण द्यायचं कसं? पिशवीतून, चोरून?" उत्तराकाकूंनी विचारलं.

"चोरून द्या."

बायका खो खो हसल्या. काकूही हसल्या, पण ते कुणाला दिसलं नाही. काकांच्या ध्यानात आलं. सगळ्या बायका उन्हात, त्यांच्या नाकातल्या चमक्यासुद्धा दिसतायत. आणि काकू काळ्या साडीत, काळ्या कापडांच्या मध्ये, गडद सावलीत. उन्हातून तिकडे बघितलं की नुसता एक डाग दिसायचा. बायका आपोआप आपसांत बोलायला लागल्या होत्या. कुणी काकूंना काही विचारलंच तर त्यांच्या खुर्चीच्या पाठीकडे बघून विचारत होतं. काकू मान पुढे काढून ऐकत होत्या, जिन्यात ऐकायच्या तशाच.

काकांनी उरलेला थर्मोकोल उचलला, डाव्या बाजूच्या स्टुलाला टेकवला, तिरका केला. एक बोट वर. आणखी अर्धं.

काकूंचा चेहरा उजळून वर आला.

"अय्या," उत्तराकाकू म्हणाल्या. "नीला, कसली गोड दिसतेयस गं. हे कानातले नवे?"

"कुठले नवे. लग्नातले आहेत."

बायका सरकत सरकत काकूंभोवती आल्या. बदल्या, भाडी, कुणाच्या सुनेचं ऑस्ट्रेलिया, सगळं आता काकूंकडे बघून सांगितलं जाऊ लागलं. मग आग्रह झाला, नाव घे, नाव घे. काकूंनी जराही आढेवेढे घेतले नाहीत.

"काळ्या कापडाला घातला पांढरा दोरा, मुरलीधररावांनी उतरवला सूर्याचा तोरा."

टाळ्या पडल्या. "अहो, ऐकलंत का?" काकूंनी विचारलं. काका थर्मोकोल धरून उभे होते, कारण वारा सुटला होता. ते म्हणाले, "मान उजवीकडे नको." सव्वा तास ते तसेच उभे होते.

तिसऱ्या दिवशी काकूंना ताप भरला. चौथ्या दिवशी बोटं मिटेनात, चेहऱ्यावर लाली चढली. हॉस्पिटलात तोच तरुण डॉक्टर होता.

"धूप में बैठी थीं, अंकल?"

"एक किरण नहीं," काका म्हणाले. जरा ताठ मानेनेच म्हणाले. "नाप के बैठाया था."

डॉक्टरने काकूंची हनुवटी धरून चेहरा दिव्याकडे वळवला. काकांनी बघितलं. उजवा गाल गुलाबी होता. डावा गाल डोळ्याच्या खालपासून जबड्यापर्यंत लालभडक, आणि नाकाच्या सावलीची रेघ सुरू होत होती तिथे लाली थांबलेली. चेहरा बघून उजेड कुठून आला हे सांगायला काकांना कुणी विचारायची गरज नसे. डाव्या हाताला, दोन फुटांवर. पांढरं काहीतरी.

काका उभे होते ते स्टुलावर बसले. डॉक्टर पुढे काय बोलला ते त्यांनी ऐकलं नाही. कठड्याचा चुना त्यांनी झाकला होता. वाट्या पिशवीत घालायला लावल्या होत्या. आणि मग स्वतःच्या हाताने ऊन उचलून बायकोच्या तोंडावर टाकलं होतं, सव्वा तास, हलू न देता. कारण चेहरा काळा दिसत होता, आणि तीस वर्षांत चेहरा काळा दिसला की त्यांचा हात थर्मोकोलकडेच गेला होता.

काकूंना दाखल करून घेतलं. तिसऱ्या दिवशी दुपारी, भेटीच्या वेळेत, ते काकूंना संत्रं सोलून देत होते.

"नीला. थर्मोकोल मी लावला होता."

"माहितीये."

"सवयीने लावला. लक्षातच आलं नाही."

"माहितीये रे."

"कधी कळलं तुला?"

"तेव्हाच. गाल गरम झाला की."

काकांच्या हातातली फोड तशीच राहिली. "मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू काढला असतास." काकूंनी डोळे मिटले. "मुरली, किती छान गरम होतं रे ते. मी मुद्दाम तिकडे मान करून बसले होते. तू आपला ओरडतोयस, उजवीकडे नको, उजवीकडे नको. मी कशाला जाते उजवीकडे."

"मूर्ख आहेस तू."

"आहे. दे ती फोड."

फाल्गुनात काकू गेल्या. मूत्रपिंडं थकली होती. डॉक्टरने काकांना दिवाळीच्या आधीचे रिपोर्ट काढून दाखवले, आकडे तेव्हापासूनच वाईट होते, एका दुपारचा हा प्रकार नाही, अंकल, असं त्याने तीन-तीनदा सांगितलं. काका कागद बघत राहिले. आकड्यांवर बोट ठेवून त्यांनी मान डोलावली. पण त्यांनी तो गाल बघितला होता, आणि त्यापुढे कुठलाही कागद त्यांना खरा वाटत नव्हता.

घरात मग ते एकटेच. मूलबाळ नव्हतं. पुण्याहून काकूंची बहीण मृणालमावशी आली, तेरा दिवस राहिली, चल म्हणाली. काका गेले नाहीत. बंगाली कॅमेरामनचे फोन येत राहिले. "मोरोली-दा, आप के बिना सब जोल रहा है." काका कामाला जाऊ लागले, पण थर्मोकोल धरायची वेळ आली की दुसऱ्या कुणाला पुढे करायचे आणि स्वतः लांब जाऊन उभे राहायचे.

कोंडून ठेवल्याची आवई उठली ती याच दिवसांत. एकदा काका भाजी घेऊन जिना चढत असताना भटनागर आंटी ती कुणालातरी ऐकवत होत्या, आणि काकांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. माझी आई तणतणत खाली निघाली होती. काकांनी तिला जिन्यातच अडवलं.

"राहू दे, सुनीती."

"अहो पण साफ खोटं बोलतेय ती बाई. तुम्ही तिला अंधारात कोंडलं म्हणते."

काकांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "कोंडली असती," ते म्हणाले, "तर आज असती."

आई खाली न जाता वर परत आली.

त्यानंतरचा एप्रिल. काका गच्चीवर कटरांची कापडं बदलत होते आणि मी परीक्षा संपलेली म्हणून तिथेच होते. मी सगळ्यांचे आवाज काढते, ही माझी जुनी खोड. शाळेतून त्यापायी दोनदा चिठ्ठी आलेली आहे. मी भटनागर आंटी केल्या, तांत्रिकासकट. मग कॅमेरामन केला. डॉक्टरही केला. काकूंच्या मागे काका पहिल्यांदाच हसले, नाकातून, पण हसले. त्या हसण्याने मला जोर चढला.

"काकूंचा काढू?"

काकांनी सुई खाली ठेवली. मला वाटलं, रागावले. पण ते म्हणाले, "नाही निघायचा तुला."

"लावा पैज."

"कसली?"

"राम लड्डू. एक प्लेट."

"लाव."

मी घसा साफ केला. "इशी, आत ये गं, दारात काय उभी राहतेस? अर्धा कप चहा टाकते. तुझ्या आईला नको सांगू." जमलं होतं. 'अर्धा'वरचा तो हेल, 'नको'च्या आधीचा दम, सगळं. माझ्याच अंगावर काटा आला.

काका कठड्याकडे बघत होते. "हो," ते म्हणाले. "अगदी हीच. हुबेहूब."

"म्हणजे जिंकले ना मी?"

"आता तिचं हॉस्पिटलातलं म्हण. किती छान गरम होतं ते."

ते वाक्य त्यांनी मला सांगितलेलं होतं, शब्द न शब्द. मी म्हटलं. "मुरली, किती छान गरम होतं रे ते. मी मुद्दाम तिकडे मान करून बसले होते."

काकांनी मान हलवली.

मी पुन्हा म्हटलं, जरा हळू. मग आणखी खालच्या पट्टीत, आजारी माणसासारखं. मग डोळे मिटून.

"नाही, इशिता. ही चहा देणारीच नीला झाली. तुमच्याशी बोलायची ती." त्यांनी सुईत दोरा घालायचा प्रयत्न केला, तो गेला नाही. "माझ्याशी बोलायचा आवाज वेगळा होता. तू तो ऐकलेलाच नाहीस. तू काढशील कुठून?"

"कसा होता, काका?"

काकांनी सांगायला तोंड उघडलं. दोनदा उघडलं. मग पुन्हा दोरा घालू लागले.

पैज मी हरले. दुसऱ्या दिवशी मार्केटमधून राम लड्डू, म्हणजे मूगडाळीची गोल भजी, आणले, वर किसलेला मुळा जास्त घालून. काका गच्चीवरच होते, ममटीच्या सावलीत, काकूंची खुर्ची मांडली होती तिथेच बसून त्यांनी पूर्ण प्लेट खाल्ली, आणि चटणी तिखट आहे म्हणून मला पाणी आणायला खाली पाठवलं.